बीजाचा आकडा

एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचे एक गाव होते. खाडीत मासळी होती, पण सगळीकडे सारखी नव्हती. भर प्रवाहात जाळे लावले की ते जड होऊन वर येई. कडेच्या गाळात लावले की हाती चिखल लागे आणि मूठभर कोळंबी. म्हणून कोणत्या होडीने कुठे जाळे लावायचे, हे गाव दर उधाणाआधी चिठ्ठ्या टाकून ठरवी.

पुढे चिठ्ठ्यांवरून भांडणे होऊ लागली. कोणी म्हणे चिठ्ठीला खूण केली, कोणी म्हणे उचलणाराच फितूर. एकदा तर वल्ही उगारण्यापर्यंत पाळी आली. तेव्हा मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दामाजी नाखवा यांनी तेजलला बोलावले. तेजल त्याच गावची मुलगी. शहरात संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचे काम करी.

"बाय, यंत्राला भाऊबंद नसतात," नाखवा म्हणाले. "असं काही करून दे, की कोणाचा कोणावर संशय राहायला नको."

तेजलने मनापासून काम केले. सोसायटीच्या संगणकात होड्यांची नावे येतील त्या क्रमाने भरायची, एक बटण दाबायचे, की प्रत्येकीची जागा पडद्यावर उमटे. भांडणे मिटली. गावाने तेजलचे कौतुक केले आणि ती शहरात परत गेली.

त्याच गावात चांगुणा नावाची विधवा होती. नवरा दर्यात गेला, होडी मागे राहिली. पदरी खलाशी ठेवून ती होडी चालवी. जागा ठरायच्या दिवशीही तिला सकाळचा बाजार सुटत नसे. टोपली रिकामी करून ती धावत येई, तोवर बाकीची नावे भरून झालेली असत. तिचे नाव कायम शेवटी. आणि तिला कायम गाळाचीच जागा येई.

आधी लोक हळहळले. मग कुजबुजू लागले. "नवरा गेला, आता होडीच्या मुळावर आली," असे म्हणू लागले. तिचे खलाशी एकेक करून दुसऱ्या होड्यांवर गेले. होड्यांच्या पूजेच्या वेळी तिने जरा मागेच उभे राहावे, असे बायकांनी सुचवले. चांगुणा कोणाशी भांडली नाही. तिला स्वतःलाच ते पटू लागले होते.

तेजल चुलतभावाच्या लग्नाला गावी आली. हळद लागत होती, वाजंत्री वाजत होती. चांगुणा मांडवाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत होती.

"काकी, आत या ना," तेजल म्हणाली.

"नको गं बाय. माझा पायगुण बरा नाही."

"असं कोण म्हणतं?"

"तुझं यंत्रच म्हणतं. दर वेळी गाळ. माणसं खोटं बोलतील, यंत्र कशाला बोलेल?"

"दर वेळी? एकदाही दुसरी जागा नाही?"

"एकदाही नाही."

नशीब इतके नेमाने वागत नाही, हे तेजलला ठाऊक होते. ती तशीच मांडवातून निघून सोसायटीत गेली आणि तिने आपला प्रोग्राम उघडला.

संगणक आपल्या मनाने चिठ्ठी उचलत नाही. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्या आकड्याला बीज म्हणतात. त्या बीजावर गणित करत तो पुढचे आकडे काढतो. बीज बदलले की आकडे बदलतात. बीज तेच राहिले की आकडेही तेच, आणि त्यांवरून ठरणाऱ्या जागांचा क्रमही तोच. प्रोग्राम तपासताना उत्तरे ताडून पाहता यावीत, म्हणून तेजलने एकच बीज ठेवले होते. काम झाल्यावर ते काढायचे होते. ते राहून गेले होते. त्यामुळे ज्याचे नाव शेवटी, त्याला गाळ, हे कायमचे ठरून गेले होते.

तिने नाखव्यांना सगळे सांगितले.

"गुपचूप दुरुस्त कर," ते म्हणाले. "पुढच्या उधाणापासून सगळं नीट होईल. सभेत बोललीस तर लोक खवळतील. तुझंही नाव खराब होईल, माझंही."

"जागा नीट होतील, काका. पण चांगुणाकाकी मरेपर्यंत स्वतःला अपशकुनी समजतील. ते कोण दुरुस्त करणार?"

नाखव्यांनी सभा बोलावली.

तेजल सर्वांसमोर उभी राहिली. तिने चूक सांगितली, काही लपवले नाही. लोक ओरडू लागले. ज्यांना चांगल्या जागा मिळाल्या होत्या, ते मात्र खाली पाहत होते. गलबल्यात चांगुणा उठून पुढे आली.

"म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं?" तिने विचारले.

"नाही काकी. माझ्यामुळे होतं."

चांगुणा होती तिथेच खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. कुजबुजणाऱ्या बायकांपैकी एक उठून तिच्याजवळ जाऊन बसली.

झालेले नुकसान कोणालाच भरून देता आले नाही. पुष्कळ जण तेजलशी बोलेनासे झाले. तिने ते सोसले आणि काम नीट केले. आता दर वेळी प्रत्येक होडीचा तांडेल, म्हणजे होडीप्रमुख, आपल्या मनातला एक आकडा झाकून लिही. सगळे आकडे एकदम उघडायचे, आणि त्या सगळ्यांचे मिळून त्या वेळेचे बीज करायचे. ते आधी कोणालाच ठाऊक नसे, तेजललाही नाही.

पुढच्या उधाणाला नव्या बीजाने जागा निघाल्या. चांगुणाच्या वाट्याला पुन्हा गाळाचीच जागा आली. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"आली तर आली," चांगुणा म्हणाली. "कोणाला तरी यायचीच होती."

ती ताठ मानेने किनाऱ्याकडे चालू लागली. तिला सोडून गेलेल्या खलाशांपैकी दोघे उठले आणि तिचे जाळे उचलून तिच्यामागे गेले.

तात्पर्य: ज्याच्या हाती निवाड्याची सुरुवात असते, त्याने ती सुरुवात निर्मळ आहे ना, हे आधी पाहावे, आणि चूक आपली निघाली तर ती नुसती दुरुस्त करू नये, ज्याने ती भोगली त्याच्यासमोर ती कबूलही करावी.