खाण बंद करण्याचा मुहूर्त

एकदा एका व्यापाऱ्याच्या डोंगरात तांब्याचे खनिज सापडले. खाणीच्या शुभारंभासाठी त्याने एका वृद्ध आचार्यांना आमंत्रण दिले. त्यांच्यासोबत भार्गव हा शिष्यही आला. आश्रमाचे धान्य याच व्यापाऱ्याकडून येत असे. सारे यथासांग पार पडावे, एवढीच भार्गवला चिंता होती.

पूजा झाली. कुदळ मारण्याची आज्ञा देण्याऐवजी आचार्यांनी विचारले, "शेठजी, ही खाण बंद कधी होईल?"

मंडपात चुळबुळ झाली.

"आज आरंभ आहे, आचार्य. असं अशुभ का बोलता?" शेठजी कसेबसे म्हणाले.

"उत्तर मिळेपर्यंत थांबतो," म्हणत आचार्य शांतपणे खाली बसले.

मुहूर्त टळू लागला. मजूर ताटकळले. शेठजींचे आवळलेले ओठ पाहून भार्गवला राहवेना. तो वाकून कुजबुजला, "गुरुजी, हे नंतर विचारता आलं असतं."

"नंतर कोणाला विचारणार?" आचार्य सर्वांना ऐकू जाईल असे बोलले. "खनिज संपतं तेव्हा मालक दुसऱ्या डोंगरावर गेलेला असतो. वरची काळी माती आज दगडांखाली गाडली, तर उद्या इथं गवत कशात रुजेल? खाणीतलं पाणी ओढ्यात सोडलं, तर तो ओढा कोण स्वच्छ करणार? या मजुरांच्या मुलांना खणण्याखेरीज काहीच आलं नाही, तर ती जातील कुठं? हात चालू असतानाच ही सोय लावता येते. पुढं फक्त हळहळ उरते."

मजुरांमधून मथुरा नावाची बाई पुढे आली. "आमचं आधीचं गाव असंच उठलं, महाराज. विहिरीच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावीनात."

शेठजी मुकादमाकडे वळले. म्हणाले, "आधी वरची माती काढा. ओढ्यापासून दूर, वेगळी रचा. खाणीतल्या पाण्यासाठी तळं खोदा. मुलांच्या शिक्षणाचं मी पाहतो."

परतताना भार्गवची तगमग थांबली नव्हती. "शेठजी शब्द पाळतील?"

"ते विसरतीलही. पण मजुरांनी ऐकलाय ना तो शब्द?"

गुरूंनी एकांतात का विचारले नाही, हे भार्गवला आता कळले. त्याने वळून पाहिले. मातीच्या पहिल्या पाट्या कुठे रित्या होतात, हे पाहत मथुरा कमरेवर हात ठेवून उभी होती.