हिराजी तांडेलाची कबुली

खाडीच्या तोंडाशी नांदवली नावाचे कोळ्यांचे गाव होते. तिथे हिराजी हा एका मच्छीमार बोटीचा तांडेल. सात खलाशी त्याच्या शब्दावर दर्यात जात. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर त्याच्या बायकोला, जनाबाईला, दिवस गेले होते.

त्या हंगामात बोट परक्या बंदरात अडकली. हिराजीचा तोल गेला आणि तो एका अनोळखी बाईकडे राहून आला. घरी परतल्यावर काही दिवसांनी त्याच्या गुप्तांगावर एक जखम उठली. ती दुखेना, खुपेना. महिन्याभरात आपोआप भरून आली.

"सुटलो," हिराजी मनाशी म्हणाला.

पण तो सुटला नव्हता. पुढे तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उमटले. खाज नाही, पण बारीक ताप येई, केस पुंजक्यांनी गळत. कुणी विचारले की तो म्हणे, "बर्फात हात घालून झालं असेल." डागही मावळू लागले, पण मन खाऊ लागले. शेवटी तो तालुक्याच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले.

"हा उपदंश. लोक याला गरमी म्हणतात," त्या म्हणाल्या. "डाग गेले तरी जंतू अंगात राहतात. काही वर्षांनी हृदय, मेंदू, डोळे, कशालाही धरतात. वेळेवर इंजेक्शन घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. घरी कोण असतं?"

"बायको. सातवा महिना चाललाय."

बाईंचा लिहिता हात थांबला. "तिचं रक्त लगेच तपासायला हवं. तिला लागण झाली असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं."

हिराजीने हात जोडले. "ताकदीचं म्हणून तिलाही इंजेक्शन देऊन टाका. खरं कळलं तर ती तोंड बघणार नाही माझं."

"खोटं सांगून मी सुई टोचत नाही. तुम्हीच सांगा तिला."

हिराजी घरी आला. जनाबाई मासळी निवडत बसली होती. त्याने खाली बसून सगळे सांगितले, काही लपवले नाही. जनाबाईने त्याच्याकडे पाठ फिरवली. घर मोडले, असे त्याला वाटले. मग तिने उठून हात धुतले आणि पदर खोचला.

"माझा राग लवकर जायचा नाही," ती म्हणाली. "पण आधी माझ्या लेकराचं बघायचं. चला."

तिलाही लागण झाली होती. दोघांनी इंजेक्शने घेतली, बाईंनी सांगितल्याप्रमाणे बरे होईपर्यंत एकमेकांपासून दूर राहिले, पुन्हा पुन्हा रक्त तपासून घेतले. एवढ्यावर हिराजी थांबला नाही. आपल्या सातही खलाशांना त्याने स्वतःची गोष्ट सांगितली आणि तपासणीला नेले. त्यातल्या दोघांचा रोग वेळेत सापडला.

दिवस भरले आणि मुलगी झाली. तिने असा टाहो फोडला की दवाखानाभर ऐकू गेला. बाईंनी तिला नीट तपासले आणि त्या हसून म्हणाल्या, "ठणठणीत आहे!"

बारशाला सारा कोळीवाडा ढोल वाजवत आला. त्या दिवशी जनाबाईने सगळ्यांदेखत, आपणहून, लेक हिराजीच्या मांडीवर ठेवली.

तात्पर्य: खूण मिटली म्हणजे रोग गेला असे नव्हे. जो लाज बाजूला सारून वेळेवर तपासून घेतो आणि जोडीदाराला खरे सांगतो, तो स्वतःबरोबर आपल्या माणसांनाही वाचवतो.