सतरा नगरसेवक आणि एक वस्तरा

आंबेटाकळीत पाणी सोडणाऱ्या यशवंताला सतरा नगरसेवक परस्पर हुकूम द्यायचे. एक म्हणे व्हॉल्व्ह उघड, दुसरा म्हणे बंद कर. आठ दिवस गाव कोरडं पडलं. मुख्याधिकारी रेवती सोनवलकरांनी हरकत घेतली, तसे झुबकेदार मिशांचे नगराध्यक्ष भर सभेत गरजले, "गावानं आम्हाला निवडलंय! हुकूम आम्हीच देणार!"

बाईंनी समोरच्या सलूनमधून गजाननला बोलावलं. "साहेबांच्या मिशीला आकार द्यायचाय. वस्तरा तू धर, हात हे सतरा जण हलवतील."

अध्यक्षांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली. "अहो, मिशी कशी हवी ते आम्ही सांगू! वस्तरा त्याला एकट्यालाच चालवू द्या!"

बाई लेखनिकाकडे वळल्या. "अध्यक्षांचा ठराव लिहून घ्या. मिशीच्या जागी पाणी आणि वस्तऱ्याच्या जागी व्हॉल्व्ह, एवढंच बदला."