पहिल्या कप्प्याचं आंबवण

पोटंसुद्धा एकमेकांशी भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. ढवळी नावाच्या वासराच्या पोटात चार कप्पे होते. दूध पहिल्याला बगल देऊन थेट चौथ्यात उतरायचं, म्हणून चौथा स्वतःला घरातला कर्ता समजायचा. मधले दोघे त्याचे होयबा.

पहिला लहान आणि लुळा होता. "फुकट जागा अडवून बसलाय," चौथा रोज म्हणायचा. काम मात्र त्याला कुणी दिलंच नव्हतं.

एकदा ढवळीने आईच्या गव्हाणीतला भरडा खाल्ला, वर पाणी प्यायली. ते पहिल्यात पडलं आणि आंबू लागलं.

"नासवलंस ना," चौथा खेकसला. "आपल्या घराण्यात असलं कुणी केलं नाही. टाक बाहेर."

"आजोबा, तुम्हाला दुधापलीकडचं काय कळतं?" पहिल्याने काहीच टाकलं नाही. भरडा रोज येत राहिला. त्या आंबवणावर पहिल्याच्या आतल्या भिंतीला बारीक अंकुर फुटले आणि तो वाढत गेला.

मग मालकिणीने ढवळीचं दूध तोडलं. चौथा रिकामा पडला. "आता पोर जगत नाही," तो कण्हला. मधल्यांनीही माना हलवल्या.

ढवळीने कडबा ओरबाडला. पहिल्याने तो आंबवला, रवंथाला वर पाठवला, पुन्हा पोटात घेतला. दुसऱ्या दिवशी चौथ्याच्या पुढ्यात मऊ लगदा येऊन पडला.

चौथ्याने तो मुकाट्याने खाल्ला आणि हळूच विचारलं, "उद्याही येईल ना?"

"येईल," पहिला म्हणाला. तोवर तो उरलेल्या तिघांना एकत्र केलं तरी भारी पडेल एवढा झाला होता.