दुरपाच्या उलट्या करवंट्या

फार वर्षांपूर्वी या डोंगरावर दुरपा होऊन गेली, असं इथल्या मुलांना सांगतात. मी तिचा धाकटा भाऊ. मला विचाराल तर त्याला चारच पावसाळे झालेत. पण गोष्ट जशी सांगतात तशीच मीही सांगतो.

डोंगरभर रबराची झाडं. पहाटे डोक्याला बॅटरी बांधून माणसं निघायची, सालीला तिरकी चीर द्यायची, आणि खाली तारेत अडकवलेल्या करवंटीत पांढरा चीक ठिबकायचा. प्रत्येकाची झाडांची ओळ ठरलेली. दुसऱ्याच्या ओळीला कोणी सुरी लावायची नाही, कारण परका हात चीर खोल देतो आणि झाड सडतं. कोणी आजारी पडलं की शेजारचा जाऊन त्याच्या ओळीतल्या करवंट्या उलट्या करून ठेवायचा. म्हणजे आज इथे हात लावू नका.

एका पहाटे मंजुळाकाकीला फुरसं चावलं. बागेची जीप शेडमध्ये उभी होती. बागेचा मालक, साहेब, गावाला गेला होता, आणि त्याला विचारल्याशिवाय चावी कशी देऊ, असं मुकादम म्हणाला. काकीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेईस्तोवर तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ती परत आली नाही.

तेव्हा दुरपा उठली. घराघरांत जाऊन तिने युनियन उभी केली. असं म्हणतात की ती एका दिवसात सात वाड्या चालली आणि तिच्या पायाला चिखल लागला नाही. मागणी एकच होती, पहाटे जीप चावीसकट उभी पाहिजे.

मुकादम हसला. "आता झाडांची पण युनियन काढ, दुरपे."

"काढलीच," ती म्हणाली. "एकाची करवंटी उलटी, तर सगळ्यांची उलटी."

दुसऱ्या दिवशी डोंगरावरची एकूण एक करवंटी उलटी होती. असं म्हणतात की अकरा दिवस झाडांनी चीक वर ओढून धरला, पाखरांनीसुद्धा सालीला चोच लावली नाही. घरांत पेज पातळ होत गेली, पण कोणी हललं नाही. भुकेने आम्ही हरलो नसतो.

बाराव्या दिवशी साहेबाने ट्रक भरून परकी माणसं आणली. त्यांना ना चीर ठाऊक, ना साल. त्यांनी थेट लाकडापर्यंत सुऱ्या घातल्या. आम्ही बांधावरून बघत होतो. जी झाडं आम्ही नऊ वर्षं जपली ती डोळ्यांदेखत फाटत होती. दुरपा सांगत होती की झाडं साहेबाची आहेत, फाटू देत, दोन दिवसांत तोच धावत येईल. कोणाच्या कानात शिरत नव्हतं. एकजण बांध उतरला, परक्याच्या हातातली सुरी त्याने हिसकावली, आपल्या झाडाची करवंटी सुलटी केली आणि स्वतः चीर देऊ लागला. मग दुसरा उतरला. ऊन चढेपर्यंत सगळ्या ओळी सुलट्या झाल्या. एक सोडून.

पहिला कोण उतरला ते गोष्टीत नाही. तो मी होतो. मागून ती एवढंच म्हणाली, "बाबल्या, तू?"

दुरपा एकटी राहिली. रोज पहाटे शेणमाती कालवून ती फाटलेल्या झाडांच्या जखमा लिंपायची. आमच्याही ओळींतल्या. तिसऱ्या पहाटे पाचोळ्यात फुरसं होतं. जीप शेडमध्ये होती.

असं म्हणतात की तिच्यासाठी वाट आखडून अर्धी झाली. झोळीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. वाट तेवढीच होती.

युनियनचं नाव आता कोणी काढत नाही. जीप तिथेच असते, चावी मुकादमाच्या कमरेला असते. पण अजूनही पहाटे प्रत्येकजण आपल्या ओळीतल्या पहिल्या झाडाची करवंटी क्षणभर उलटी करतो, दुरपाचं नाव घेतो, आणि मग ती सुलटी करून चीर देतो. तिची ओळ मात्र तशीच उलटी आहे. तिथे कोणी सुरी लावत नाही. त्या झाडांतून चिरेशिवाय चीक पाझरतो, असं म्हणतात.

मी रोज जाऊन सालीवरून हात फिरवतो. कोरडी असते.