चौथा खिळा

काटेसावर गावात पाचुंदे महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षांतली ही हकिकत. महाराज कुठून आले, कोणाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी गावाबाहेरच्या पडक्या गोठ्यात कडब्याच्या पाचुंद्यावर बसलेले दिसले आणि तिथेच राहिले, म्हणून पाचुंदे महाराज. त्यांना मठ नव्हता, पालखी नव्हती, चांदीच्या पादुका नव्हत्या. होत्या त्या दोन फाटक्या वहाणा, आणि त्याही ते दर उन्हाळ्यात कोणाला तरी देऊन टाकत. भाविकहो, हे ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट पायांचीच आहे.

लोक महाराजांकडे भुतं घेऊन येत. केस ओढा, मिरच्यांची धुरी द्या, उंबराला बांधून झोडपा, असं सांगणारे भगत त्या मुलखात चिक्कार होते. महाराज असलं काही करीत नसत. ते झपाटलेल्या माणसाला जवळ बसवत आणि आतल्या भुताला विचारत, “काय दुखतंय रे तुला?” मेल्यापासून हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसे. भूत ढसाढसा रडायला लागे. मग महाराज म्हणत, “माझ्याकडे अंगारा आहे. मलमपट्टी शेवंताकडे. दुपारी जा, तेव्हा दवाखाना रिकामा असतो.”

शेवंता म्हणजे सरकारी उपकेंद्रातली नर्स, शेवंता गायसमुद्रे. दोन खोल्या, एक टेबल, एक कपाट, आणि सगळं बघणारी ती एकटी. वरच्या आळीतले लोक तिच्या हातचं पाणी पीत नसत, तिच्या हातची सुई मात्र मुकाट घेत. अडलं की नर्सबाई, भागलं की पुन्हा तिची जात. हे मी गोड करून सांगणार नाही.

दुपारी बाराच्या टळटळीत उन्हात, गावाने दारं लोटली की शेवंताचे दुसरे पेशंट येत. चकवा यायचा, तळपाय सोलवटलेले. लोकांना गोल फिरवायचं तर आधी स्वतःला फिरावं लागतं. नदीतला गिऱ्हा यायचा, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. “पाण्यातून बाहेर बसत जा की जरा,” शेवंता खेकसायची आणि औषध लावायची. “बसलो की लोक बोंबलत पळतात, बाई,” गिऱ्हा कुरकुरायचा. ती घाबरत नसे का? पहिल्यांदा घाबरली होती. महाराजांना म्हणाली होती, “महाराज, ती मेलेली हायत.” महाराज म्हणाले, “म्हणून दुखत नाही होय?” त्या दिवसापासून ती त्यांचेही केसपेपर काढू लागली.

एका दुपारी हिरव्या लुगड्यातली एक पोरगेली बाई दारात येऊन उभी राहिली. पावलं उलटी, टाचा पुढे. लंगडत होती.

“आत ये. नाव?” शेवंताने विचारलं.

“हडळ.”

“ते लोकांनी दिलंय. आईनं दिलेलं सांग.”

बराच वेळ ती आठवत राहिली. मग हळूच म्हणाली, “मंजुळा.”

“वय?”

“मेले तवा एकोणीस.”

“आणि आता?”

“आता बी एकोणीसच की, आक्का.”

शेवंताने एकोणीस लिहिलं. “नवऱ्याचं नाव?”

मंजुळाने पदर पुढे ओढला. लाजली! “असं कसं घिऊ, आक्का? घिऊ नये.”

तो रकाना कोरा राहिला. शेवंताने पाय मांडीवर घेतला आणि तिचा हात थबकला. तळव्यात खिळे होते. लोहाराने घडवलेले, चौकोनी डोक्याचे. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होऊन परत येऊ नये म्हणून चितेवर ठेवण्याआधी तिच्या पायांत खिळे ठोकायचे, आणि एक घराच्या उंबऱ्यात ठोकायचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पायांत असले खिळे गेलेत आणि ठोकणारे हात आपल्याच आजोबा-पणजोबांचे होते. धर्म म्हणत होते त्याला.

शेवंताने चिमट्याने एक एक खिळा काढला. तीन निघाले. जखमा धुतल्या, पट्टी बांधली. पाऊल उलटं, म्हणून पट्टीही उलटीकडून गुंडाळली. सवयीने धनुर्वाताचं इंजेक्शनही भरलं.

मंजुळा खुदकन हसली. “आक्का, आता कशानं मरू मी?”

“गप बस. नियम हाय,” शेवंता म्हणाली आणि तिने सुई टोचली. तेव्हा तिच्या बोटांना कळलं, त्या पोरीचं अंग विहिरीच्या तळासारखं गार होतं.

आठ दिवस ड्रेसिंग झालं, जखमा भरल्या, पण मंजुळाचं लंगडणं गेलं नाही. “अजून एक सलतोय,” ती म्हणे. शेवंताने दोन्ही तळवे चाचपले. काही नव्हतं. शेवटी ती महाराजांकडे गेली.

महाराज म्हणाले, “चौथा तिच्या पायात नाही. ज्याने ठोकला त्याच्या घरात आहे. तो त्यालाच काढावा लागेल.”

“कोण तो, महाराज?”

“ती नाव घेत नाही, तर मी कशाला घेऊ?”

आता ज्याची ही गोष्ट आहे त्या गृहस्थाकडे येऊ. भगवंतराव निंबोरे. गावात त्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. त्यांची पहिली बायको वीस वर्षांपूर्वी वारली होती, दुसरीची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. शेवंता तिला तपासायला गेली, तर भगवंतरावांनी तिला अंगणातच थांबवलं. ओसरीवर चार खुशमस्करे बसलेले होतेच.

“काय गं शेवंते, आज कुठल्या म्हसणवटीतनं आलीस? मुंजाची मुंज लावलीस म्हणं?”

ओसरी खदखदली.

“मालक, ताईंच्या पायाला सूज हाय. डोळं पांढरं दिसतायत, रक्त कमी हाय. बाळंतपण दवाखान्यात होऊ द्या,” शेवंता म्हणाली.

“भुताच्या टाचा चोळणारे हात माझ्या लेकीला लावू? आणि तुझा तो कडब्यावरचा महाराज! त्याला म्हणावं, एवढा चमत्कारी आहेस तर आधी स्वतःला चांगल्या वहाणा कर.” भगवंतराव तिच्या पायांवर पान थुंकले. “महिन्याभरात तुझी बदली करतो बघ.”

शेवंता परतली. वाटेत गोठ्यापाशी थांबून रडली. महाराज म्हणाले, “पिशवी भरून ठेव, शेवंता. उद्या बोलावतील.”

आणि तसंच झालं! दुसऱ्या दिवशी सकाळीच सुमनला कळा सुरू झाल्या. तालुक्याचा डॉक्टर आणायला गेलेली जीप परत आली नव्हती. साडेअकराला मूल झालं, मुलगी, रडणारी, धडधाकट. वारही पडली. पण रक्त थांबेना. सुईणीने हात वर केले आणि ती परसदारातून निघून गेली. मग भगवंतरावांना नर्सची आठवण झाली. गडी धावत आला. शेवंताने पिशवी उचलली. काल काय ऐकलं, ते तिने उंबऱ्याबाहेर ठेवलं. आपण ठेवलं असतं का? मी ठेवलं नसतं.

खोलीत जाऊन तिने इंजेक्शन दिलं, ओटीपोटावर हात ठेवून गर्भाची पिशवी चोळायला लागली. ती आवळायला हवी, तरच रक्त थांबतं. पण ती कणकेसारखी मऊच राहिली. बाजेखाली जमिनीवर रक्ताचं थारोळं झालं होतं. सुमन पुटपुटली, “बाई, मला थंडी वाजतीय.” तिची आई बाळाला घेऊन कोपऱ्यात उभी होती.

“बर्फ हाय का कुठं? गारव्यानं आवळंल, बर्फ आणा!” शेवंता ओरडली. काटेसावरात कुठला बर्फ! तिचे दंड भरून आले. घामाने तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, “आक्का, माझं हात गार हायत.”

शेवंताने हात न काढता दाराकडे पाहिलं. “मग ये की! पळ!”

“उंबरा वलांडता येत नाही गं. सलतंय.”

चौथा खिळा कुठे आहे, ते शेवंताला त्या क्षणी कळलं.

अंगणात पाचुंदे महाराज येऊन उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पाय अनवाणी, कपाळावर कडब्याची कुसळं. भगवंतराव सैरभैर होऊन ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. महाराज म्हणाले, “भगवंता, उंबऱ्यातला खिळा काढ.”

भगवंतराव जागच्या जागी थिजले. त्या खिळ्याची माहिती आता हयात असलेल्यांपैकी फक्त त्यांनाच होती. “महाराज… वडलांनी सांगितलं म्हणून…”

“ठोकला कोणी?”

“मी.”

“मग काढ.”

“पक्कड आणतो…”

“तिच्या पायात ठोकताना भुलीचं औषध आणलं होतंस का?”

भगवंतराव गुडघ्यांवर बसले. वीस वर्षांचा खिळा, गंजून लाकडाशी एकजीव झालेला. ते नखांनी उकरू लागले. नखं तुटली, बोटं सोलली, धोतरावर रक्त टपकलं. ज्या ओसरीवर काल हसू फुटलं होतं तिथे आज कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. मग कर्रर्र आवाज झाला आणि खिळा त्यांच्या हातात आला.

तरी कोणी आत आलं नाही.

“महाराज, काढला की!”

“जिथून हाकललं त्या घरात बाईमाणूस बोलावल्याशिवाय कसं जाईल?” महाराज म्हणाले. “तिनं मरूनसुद्धा तुझं नाव तोंडातून काढलं नाही. तू तिचं घे.”

वीस वर्षांत त्या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. जिवंत होती तेव्हा ‘अगं’ होती, मेल्यावर ‘ती’ झाली. भगवंतराव लहान मुलासारखे ओरडले, “मंजुळाऽ! मंजुळा, घरात ये!”

गारठ्याची एक झुळूक त्यांच्या खांद्यावरून आत गेली. त्यांना हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा दिसला, लग्नात त्यांनीच पसंत केलेला.

आत मंजुळाने लंगडणं सोडून धाव घेतली होती. ती बाजेपाशी त्या थारोळ्यातच उभी राहिली आणि आपले दोन्ही हात सवतीच्या लेकीच्या पोटावर ठेवले. शेवंताने त्यांवर आपले ठेवले. “दाब. अशी गोल. अजून.” हळूहळू हाताखाली ती मऊ पिशवी आवळत गेली, नारळासारखी टणक झाली. रक्ताची धार बारीक झाली, ठिबकू लागली, थांबली.

“आक्का,” मंजुळा म्हणाली, “माझ्या वक्ताला असं कुणी दाबलं असतं तर?”

शेवंताला खोटं बोलता येत नव्हतं. “जगली असतीस,” ती म्हणाली.

मंजुळाने मान हलवली. मग बाळाच्या गालाला गार बोट लावलं. बाळ शिंकलं, तशी ती हसली आणि निघाली.

डॉक्टरांना घेऊन जीप आली तेव्हा एक वाजून गेला होता. डॉक्टरांनी सुमनचं गार पडलेलं पोट तपासलं, सलाइन लावलं आणि विचारलं, “बर्फ कुठून मिळाला तुम्हाला?” शेवंता आपली पिशवी आवरू लागली.

भगवंतराव धावत आले आणि महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराज बाजूला झाले. “माझे नकोत. ज्यांच्यावर काल थुंकलास ते बघ.” भगवंतराव वळले. सगळ्या गावादेखत त्यांनी शेवंताचे पाय धरले. ती संकोचून मागे सरकली, तर म्हणाले, “बाई, सरकू नका. एवढं तरी करू द्या.”

शेवंताने पिशवीतून तो केसपेपर काढला. एकच रकाना कोरा होता. भगवंतरावांनी सोललेल्या बोटांनी पेन धरलं आणि नवऱ्याच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं. कागदावर रक्ताचा ठसा उमटला. खाली शेवंताने लिहिलं: चौथा खिळा निघाला. उपचार पूर्ण.

“गेली का ती?” भगवंतरावांनी विचारलं.

महाराजांनी उंबऱ्याकडे बोट केलं. बाजेपासून दारापर्यंत रक्ताने भरलेली लाल पावलं उमटली होती. मंजुळा बाहेर गेली होती, पण पावलं तिची उलटी. म्हणून ती सगळी आत येत होती, कुंकवात पाय बुडवून नवी नवरी घरात येते तशी.

भगवंतरावांनी खिळ्याच्या भोकाशेजारी उंबऱ्यावर, त्या पहिल्या पावलावर कपाळ टेकलं. बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही.

ही कथा ऐकून काय फळ मिळतं असं कोणी विचारेल, तर भाविकहो, आज घरी गेल्यावर आपापला उंबरा एकदा हाताने चाचपून बघा.