चांगदेव मास्तरची भिंतीबाहेरची शाळा

ओढ्याकाठच्या एका गावात एक भोळा मास्तर होता. चांगदेव त्याचं नाव. भोळा म्हणजे किती, तर बाजारात एकजण त्याला म्हणला, ‘‘मास्तर, हितंच थांबा, आलोच.’’ आणि तो गडी विसरला. मास्तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिथंच उभा. बायांनी त्याच्या भोवतीनं भाजी मांडली.

ह्या मास्तरला तालुक्याला बोलवलं, प्रशिक्षणाला. साहेबांनी सांगितलं, ‘‘पुस्तकं मिटा. पोरांना भिंतीबाहेर न्या. काय शिकायचं ते पोरं ठरवतील. हातानं करतील, तेव्हाच शिकतील. तुम्ही मधी पडायचं नाही. पंधरा दिवसांनी मी बघायला येतो. पोरं कोरी दिसली तर तुमची शाळा बंद. पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत घालणार.’’

मास्तरनं गावात येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ऐकणाऱ्यांत कोंडाबाई होती. कोंडाबाई शाळा समितीची अध्यक्ष. सही करताना अडखळायची, बोलताना मात्र कुणापुढं अडखळली नाही. तिची नात कस्तुरी चौथीला होती. सून आधीच म्हणत होती, ‘‘शाळा पलीकडं गेली का पोरगी घरात. ओढ्याला पाणी आल्यावर कोण आणणार?’’

कोंडाबाई म्हणली, ‘‘मास्तर, साहेब म्हणला तसंच करा. एक अक्षर हिकडंतिकडं नको.’’

घ्या. असल्या माणसाला असं सांगत असतेत का? पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरनं पोरांना विचारलं, काय शिकायचं? पोरं म्हणली, आंबे. आंब्याचं काय? मोजायचे. निघाली सगळी कोंडाबाईच्या बांधाला. सांजच्याला कोंडाबाई गेली तर आंबा हजामत केल्यासारखा. खाली कैऱ्यांचे ढीग, दहा-दहाचे.

‘‘चारशे बारा,’’ मास्तर म्हणला. ‘‘दोनदा मोजल्या. बरोबर आल्या.’’

‘‘झाडावर मोजता येत नव्हत्या?’’

‘‘हातानं करायचं होतं.’’

कोंडाबाईनं कपाळावर हात मारला. ‘‘अरे मास्तरा, कच्चं कशाला तोडलंस? झाडावर काय बी दिसू दे, हात लावायचा न्हाय. खाली पेंढा टाकायचा आन् गप बसायचं. पाड लागला का पिकलेलं आपोआप खाली पडतंय. ध्यानात ठेव.’’

‘‘ठेवतो,’’ मास्तर म्हणला.

त्याचं एक होतं, सांगितलेलं कधी विसरायचा नाही. विसरला असता तर गावाचं भलं झालं असतं.

दोन दिवसांनी पोरांनी ठरवलं, शाळेपुढची चिंच किती उंच ते मोजायचं. कस्तुरी सुतळी घेऊन चढली. मोजमाप झालं. खाली बघितलं आणि तिनं फांदीला मिठी मारली. उतरता येईना.

दुपारी कोंडाबाई शाळेवरनं चालली होती. वरनं आवाज आला, ‘‘आजी.’’

बघते तर नात शेंड्याला. बुंध्याशी पेंढ्याची गादी. गादीशेजारी मास्तर मांडी घालून.

‘‘मास्तर, पोरगी वर हाय.’’

‘‘हाय की.’’

‘‘कवापासनं?’’

‘‘प्रार्थनेपासनं.’’

‘‘मग उतरवा की.’’

‘‘हात लावायचा न्हाय. अजून पाड लागला न्हाय.’’

कोंडाबाईनं चप्पल काढली, मग परत घातली. आधी पोरगी उतरवायची होती. ‘‘अरे माझी नात हाय ती, कैरी न्हाय. झाडाला असं काय लटकलेलं दिसलं का चार माणसं बोलवायची. चार कोपऱ्यांनी वाकळ धरायची. शिडी लावायची आन् अलगद वाकळंत उतरवून घ्यायचं.’’

तसं केलं. कस्तुरी वाकळंत पडली. पोरांनी सगळं नीट बघून घेतलं. मास्तरनं पण.

आठव्या दिवशी मास्तरला वडाच्या फांदीला लटकलेलं दिसलं. आग्यामोहळ. सुपाएवढं.

मास्तर धावत पारावर गेला. ‘‘चौघं या, वाकळ घेऊन या, झाडाला लटकलंय.’’ लोकांना वाटलं, परत कुणाचं पोर अडकलं. चौघं धावले. कोपरे धरले. मास्तर शिडीवर चढला आणि अलगद उतरवून घेतलं.

ते चौघं दिवस मावळेपर्यंत ओढ्यात नाकापर्यंत बुडून होते. कोंडाबाई मधमाश्यांच्या वाटेत आली, तिचा एक डोळा मिटला. मास्तरचे ओठ वांग्यासारखे झाले.

उरलेल्या डोळ्यानं मास्तरकडं बघत कोंडाबाई म्हणली, ‘‘मास्तर, हात जोडते. घूं घूं करत काय बी आलं का त्याच्या नादी लागायचं न्हाय. दार लावायचं, गोवऱ्या पेटवायच्या, दणकून धूर करायचा. जातंय निघून.’’

मास्तरनं मान हलवली. ओठ हलत नव्हते.

पंधरावा दिवस उजाडला. कोंडाबाई हार आणायला घरी गेली. तेवढ्यात ओढ्यातनं साहेबांची जीप चढायला लागली. चढ मोठा, जीप म्हातारी. घूंऽऽ घूंऽऽ घूंऽऽ.

मास्तरनं कान टवकारले. पोरांना आत घालून शाळेचं दार लावलं. बाहेर दारापुढं दोन टोपल्या गोवऱ्या पेटवल्या.

साहेब उतरले ते धुरातच. खोकत, डोळे चोळत दार शोधायला लागले. शाळेमागं कोंडाबाईचा बैल बांधला होता. त्याच्या नाकात धूर गेला, त्यानं दावं तोडलं आणि मुसंडी मारून आला पुढं. साहेबांना दार काही घावलं नाही. चिंच घावली.

कोंडाबाई हार घेऊन आली तेव्हा साहेब फांदीला मिठी मारून होते. खाली बैल पेंढा खात होता. पलीकडं मास्तर मांडी घालून.

कोंडाबाईनं वर बघितलं. ‘‘मास्तर, साहेब वर कसं?’’

‘‘आपोआप गेले.’’

‘‘उतरवा की हो.’’

‘‘शिडी आणणार होतो. पण मागल्या खेपेला तुमचा डोळा गेला. त्यापरीस आधीचंच बरं. हात लावायचा न्हाय.’’

कोंडाबाईनं हार खाली ठेवला. गेली शाळा. गेली पोरगी घरात.

तेवढ्यात कस्तुरीनं दार उघडलं आणि बाहेर आली. म्हणली, ‘‘मास्तर, तुम्ही मधी पडू नका. आम्ही ठरवलंय.’’ तिनं कवळाभर पेंढा उचलला आणि बैलापुढं धरून चालायला लागली. बैल मुकाट मागं. चार पोरींनी वाकळ धरली. दोघांनी शिडी लावली. साहेब अलगद वाकळंत. विजार फाटली तेवढीच.

साहेबांनी चष्मा पुसला. ‘‘हे कुणी शिकवलं?’’

‘‘मास्तरांनी,’’ कस्तुरी म्हणली.

‘‘तोंडी?’’

‘‘न्हाय, करून. मी स्वतः वर होते.’’

‘‘गणित?’’

‘‘चारशे बारा.’’

साहेबांनी वही काढली. ‘‘वीस वर्षं मी हेच कंठशोष करून सांगतोय. कुणी ऐकलं नाही. ह्या एका माणसानं अक्षर न अक्षर ऐकलं.’’ त्यांनी तिथंच वहीत लिहिलं, शाळा चालू राहणार. आणि खाली लिहिलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांना चांगदेव मास्तर शिकवणार.

कोंडाबाईनं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. नातीकडं बघितलं. तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा.

मे महिन्यात कैऱ्यांचं लोणचं मुरलं. एक बरणी घेऊन कोंडाबाई मास्तरला द्यायला तालुक्याला गेली. बघते तर कचेरीच्या आवारात दीडशे मास्तर लिंबाच्या झाडाभोवती पेंढ्यावर बसलेले. मांडीवर वह्या. माना वर.

‘‘मास्तर, काय चाललंय?’’

‘‘शिकवतोय.’’

‘‘आन् साहेब कुठं हायती?’’

मास्तरनं वर बोट दाखवलं. पानातनं चार बूट लोंबत होते.

‘‘चार कसे?’’

‘‘जिल्ह्याचे मोठे साहेब बी आलेत. म्हणले, आम्हाला बी करून दाखवा,’’ मास्तर हळू आवाजात म्हणला. ‘‘कालच्यानं वरच हायती. आमचे साहेब उद्यापर्यंत पडतील. जिल्ह्याचे पिकायला वेळ लागंल, त्यांची फांदी सावलीत हाय.’’